रानातले दहा गुंठे: हरणांसाठी काय पेरावं

शिकारीच्या मचाणासमोर हरणं यावीत म्हणून रानात थोडं पेरायचं, तर हरणांना सगळ्यात जास्त काय आवडतं, हा प्रश्न मला प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो. आमच्या ओळखीतल्या काही मराठी मंडळींनी अलीकडे पेनसिल्व्हेनियात रानाचे तुकडे घेतले, त्यामुळे गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतसुद्धा हा विषय निघतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. आवडीनिवडीचं राहू द्या. पांढऱ्या शेपटीचं हरीण कोवळं, हिरवं दिसेल त्याला तोंड लावतं. एवढ्याशा तुकड्यात बघायचं ते हे, की चरून गेल्यावर मुळाशी काय शिल्लक राहतं आणि ते पुन्हा फुटतं का.

मी फलटणकडच्या शेतकऱ्याची मुलगी. लसूणघास आणि कडवळ कापण्यात लहानपण गेलं. आता राज्याच्या उत्तरेला, टायोगा काउंटीत, आमचं थोडं रान आहे: चेरी, मेपल, ओक, आणि खाली गुडघाभर नेचे. नवरा माळकरी घरातला, त्यामुळे त्याचा या प्रकाराशी संबंध झाडाला कॅमेरा बांधण्यापुरता. धनुष्य घेऊन मचाणावर बसणार मी, नाहीतर शेजारचे आजोबा. ते ऐंशीच्या घरातले आहेत आणि बियांच्या रंगीत पिशव्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पुढे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं त्यांच्याबरोबर बांधाला उभं राहून शिकलेलं आहे.

आधी हिशोब. एक एकर म्हणजे ४० गुंठे. झाडीत लपलेला असा पेरलेला तुकडा, इथे त्याला फूड प्लॉट म्हणतात, बहुधा ५ ते १० गुंठ्यांचा असतो. मोठं हरीण दिवसाला साधारण २ ते ४ किलो हिरवा पाला खातं. पाच हरणं रोज आली तर आठवड्याला १०० किलोच्या आसपास पाला गेला, आणि येणारी पाचच असतील याची हमी कोण देणार? म्हणजे आपण काही हरणांचं पोट भरत नाही. त्यांची पोटभर जेवणं बाहेरच्या मक्याच्या आणि गवताच्या मोठ्या शेतात होतात. दिवसभर झाडीत बसलेली हरणं अंधार पडायच्या आधी बाहेर निघतात, तेव्हा वाटेत दहा मिनिटं रेंगाळावीत एवढंच या तुकड्याचं काम. त्यासाठी तिथे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत काहीतरी हिरवं असणं महत्त्वाचं. भरघोस पीक यायलाच हवं असं नाही.

म्हणून सोयाबीन यादीतून काढून टाका. हरणं त्यावर तुटून पडतात हे खरंच, आणि तीच अडचण आहे. सोयाबीनचा वाढीचा शेंडा पहिल्या दिवसापासून जमिनीच्या वर असतो. बीजपानांच्या खालून खुडलं की रोप संपलं. दोनचार एकर असेल, किंवा भोवती वीजतारेचं कुंपण घालणार असाल, तर वेगळी गोष्ट. मकाही नको. त्याला दिवसभर ऊन आणि भरपूर नत्र लागतं, आणि कणसं भरली की हरणांच्या आधी रॅकून येऊन ताटं आडवी करतात. आल्फाल्फा, म्हणजे आपला लसूणघास, माझ्या जिवाभावाचा. पण त्याला मातीचा सामू, म्हणजे पीएच, साडेसहाच्या वर लागतो, निचरा उत्तम लागतो, वर किडीची औषधं. रानातल्या आंबट मातीत त्याच्या नादी लागू नये.

पेरण्याआधी ऊन मोजा

बी घेण्याच्या आधी जागेवर एक स्वच्छ दिवस काढा आणि दर तासाला फोनवर एक फोटो घ्या. हे पेरणीच्या आदल्या सप्टेंबरमध्ये करा. जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सगळ्याच जागा उजेडाच्या वाटतात. आपलं पीक वाढायचं ते सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि दक्षिण कडेच्या झाडांची सावली अर्धा प्लॉट गिळते.

थेट ऊन सहा तास असेल तर जवळजवळ काहीही पेरता येतं. चार तासांवर पांढरा क्लोव्हर (बरसीमच्या जातीचा चारा), राय आणि ओट (दोन्ही गव्हासारखी तृणधान्यं) एवढी तीन नावं धरून चाला. त्याहून कमी असेल तर बियांवर पैसे घालू नका. दक्षिणेकडचे तांबडे मेपल आणि बर्च तोडा. मेपलच्या खुंटाला पुढच्या वसंतात जे धुमारे फुटतात ते हरणांना फार प्रिय असतात, त्यामुळे ऊनही मिळतं आणि बिनपेरणीचा चाराही. पांढऱ्या ओकाला मात्र हात लावायचा नाही. त्याची फळं सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतात, त्यांत तुरटपणा कमी असतो. ती पडत असताना हरणं तुमच्या क्लोव्हरकडे ढुंकूनही बघणार नाहीत. तेव्हा प्लॉट वाया गेला असं समजून घाबरू नका. आमचे आजोबा तर त्या दिवसांत मचाणच ओकाखाली हलवतात.

माती

जिथे जमीनभर नेचे माजलेत तिथली माती आंबट असणार हे बहुतेक धरून चालायचं. हरणांनी बाकी सगळं खाऊन नेचे तेवढे सोडले, म्हणून ते माजले, हेही त्यात आलं. तरी अंदाजावर चुना टाकू नका. पेन स्टेट विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन, म्हणजे शेती-सल्ला, कार्यालयात माती तपासणीचं पाकीट मिळतं. आठदहा ठिकाणची माती एकत्र कालवून पोस्टाने पाठवायची. कोणतं पीक घेणार ते फॉर्मवर लिहिलं की किती चुना आणि किती खत लागेल ते उत्तरात येतं.

रानात सामू पाचच्या आसपास निघणं नवल नाही. क्लोव्हरला सहा ते सात हवा. एकरी दोन टन चुना सांगितला तर दहा गुंठ्यांना १,००० पौंड, म्हणजे ४० पौंडांच्या २५ पिशव्या. हा आकडा ऐकून बरेच जण थबकतात, कारण त्या पिशव्या पाठीवरून किंवा हातगाड्यावरून रानात न्यायच्या असतात. पण खतावर खर्च करण्याआधी चुन्यावर करा. आंबट मातीत घातलेलं बरंचसं खत पिकाला मिळतच नाही. गोळीचा चुना हाताच्या स्प्रेडरने फेकता येतो. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही महिने जातात, म्हणून ऑगस्टात पेरायचं असेल तर चुना वसंतातच टाकलेला बरा.

तर काय पेरायचं

पांढरा क्लोव्हर हा या तुकड्याचा कायमचा रहिवासी. आपल्याकडे बरसीम पाहिलेल्यांना पान लगेच ओळखू येईल, चालणं मात्र वेगळं. बरसीम उभा वाढतो आणि हंगामी असतो. पांढरा क्लोव्हर जमिनीलगत धावरे सोडत पसरतो, पेराला पेराला मुळं धरतो. हरीण वरची पानं ओरबाडतं आणि धावरा खाली सुरक्षित राहतो. नीट सांभाळला तर तीन ते पाच वर्षं टिकतो. मुळांवरच्या गाठींमुळे नत्र स्वतः मिळवतो, त्यामुळे त्याला युरिया घालू नका. घातलात तर गवत माजेल. लाल क्लोव्हर जरा हलक्या मातीतही येतो, पण दोनतीन वर्षांत संपतो. जमीन अजून सुधारायची असेल तर पहिल्या वर्षी दोन्ही मिसळा.

पण क्लोव्हरची एक खोड आहे. पेरल्यावर पहिले काही महिने तो वर दिसतच नाही, कारण तो मुळं करत असतो. त्या काळात हरणांच्या तोंडी काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर रोपंच खुडली जातात. त्यासाठी ओट आणि राय.

ओट सगळ्यांत आधी येतो, गोड असतो, आणि धनुष्याचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो तेव्हा हरणं आधी त्यालाच लागतात. कडाक्याची थंडी पडली की मरतो. तोवर राय भरलेला असतो. राय हे या सगळ्यातलं माझं लाडकं पीक: आंबट माती चालते, दगडगोटे चालतात, कुळवलेलं नसलं तरी चालतं, आणि जमीन गोठण्याच्या जेमतेम वर असतानाही त्याची वाढ चालू राहते. त्याचा कोंब वसंतापर्यंत मातीच्या पातळीखाली असतो, म्हणून कितीही चरला तरी बुडातून फुटवे येत राहतात. बर्फाखालून मार्चमध्ये सगळ्यांत आधी हिरवा दिसतो तोही हाच. पिशवीवर ‘विंटर राय’ किंवा ‘सिरियल राय’ असंच लिहिलेलं हवं. ‘रायग्रास’ हे वेगळं गवत. ते एकदा शिरलं की क्लोव्हरमधून निघता निघत नाही.

चौथी चिकोरी, आपण जिला कासनी म्हणतो ती. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या उन्हाळ्यात क्लोव्हर मलूल पडला तरी ही ताजी राहते. थोडीच घालायची, सावली दाट असेल तर घालूही नका.

दहा गुंठ्यांचं माझं प्रमाण असं: राय १५ पौंड, ओट १५ पौंड, पांढरा क्लोव्हर २ पौंड, चिकोरी अर्धा पौंड. राय याहून दाट करू नका, क्लोव्हर गुदमरतो.

शलगम, मुळा आणि मोहरीच्या जातीचं रेप ही मंडळी फार गाजलेली आहेत आणि पिशवीवरचा भलामोठा शलगम बघून मोह होतोच. ती जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला पेरावी लागतात, नत्र भरपूर मागतात, ऊन मागतात आणि पोसायला साठेक दिवस घेतात. छोट्या प्लॉटमध्ये हरणांनी तिसऱ्या आठवड्यातच पाला ओरबाडला तर खाली गड्डा धरत नाही. उलट काही रानांत पहिल्या वर्षी हरणं त्याला तोंडच लावत नाहीत, ओळख पटायला वेळ लागतो. हौस असेल तर सगळ्यांत उन्हाच्या बाजूला दोन गुंठ्यांची पट्टी करा आणि दोन वर्षांनी जागा बदला, नाहीतर मुळांना गाठीचा रोग लागतो.

एक पीक खाण्यासाठी नाही, आडोशासाठी. तुमची यायची वाट प्लॉटवरून दिसत असेल तर कडेने ‘इजिप्शियन व्हीट’ची दाट पट्टी पेरा. नावात गहू असला तरी ही ज्वारीच आहे, आठदहा फूट उंच होते. ऊन आणि नत्र दिलं आणि माती तापल्यावर, मेअखेर किंवा जूनमध्ये पेरली, तर सप्टेंबरपर्यंत तुमच्या आणि हरणांच्या मध्ये ताटांची भिंत उभी राहते. माझ्या वडिलांना मी व्हिडिओ कॉलवर ती दाखवली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “कणसं कोण खुडणार?”

बी कुठून घ्यायचं

शिंगाळ्या नराचा फोटो असलेली पिशवी सगळ्यांत महाग असते. तिच्या मागची छोटी पट्टी वाचा: कोणतं बी किती टक्के, उगवण किती, कवच आणि निरुपयोगी माल किती, तपासणीची तारीख काय. पहिलंच नाव रायग्रासचं निघालं तर पिशवी परत ठेवा. कवच दिलेल्या क्लोव्हरमध्ये वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त नुसतं कवच असू शकतं, तेव्हा पौंड मोजताना ते धरा. गावातल्या धान्य-चाऱ्याच्या गिरणीत राय आणि ओट सुटे मिळतात. क्लोव्हर मात्र चांगल्या वाणाचा घ्या आणि त्याला क्लोव्हरचं रायझोबियम लावलेलं आहे ना ते बघा. रानात पूर्वी कधी क्लोव्हर नव्हता, तर मातीत तो जिवाणू असेलच असं नाही.

पेरणी

ट्रॅक्टर लागत नाही. नेचे आणि गवत उन्हाळ्यात दोनतीनदा बुडातून कापून थकवायचं. तणनाशक वापरणार असाल तर पेरणीच्या दोनेक आठवडे आधी फवारा. मला ते शक्य तिथे टाळायला आवडतं, म्हणून नव्या जागेत मी जूनच्या सुरुवातीला बकव्हीट, म्हणजे कुट्टू, फोकते. दहा गुंठ्यांना बारा-पंधरा पौंड. तो आंबट मातीतही चटकन वाढतो, तणावर सावली धरतो, हरणं अधूनमधून चरतातही. ऑगस्टात तो उभा असतानाच त्यात बी फोकायचं आणि मग कापून वर पाडायचा, तेच आच्छादन होतं.

आमच्या भागात पेरणीची वेळ म्हणजे ऑगस्टचा तिसरा-चौथा आठवडा. पुढचे दोन दिवस पाऊस सांगितला असेल तो दिवस धरा. बी मातीला टेकलं पाहिजे, नुसतं पाचोळ्यावर पडून उपयोग नाही. पाचोळा पानं उडवायच्या यंत्राने साफ करा आणि दंताळ्याने वरची अर्धा इंच माती खरवडा. आधी राय आणि ओट फोका, दंताळं फिरवून थोडे झाका. क्लोव्हर आणि चिकोरी त्यानंतर, आणि ते झाकायचं नाही, फक्त पायाने तुडवायचं. क्लोव्हरचं बी खसखशीपेक्षा जरासंच मोठं असतं, पाव इंचाच्या खाली गेलं तर वर येत नाही. हाताने सारखं पडावं म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळा, अर्धं उभ्या दिशेने फोका आणि अर्धं आडव्या. माती तपासणीत सांगितलं असेल तर याच वेळी १९-१९-१९ खताची एक पिशवी द्या. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे आकडे पाठ असतात.

रानात काम करताना लांब बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्यावर काखेपासून गुडघ्यामागेपर्यंत गोचीड तपासणं. गोचीड चावून होणारा लाइम रोग इथे घराघरात माहीत आहे, हसण्यावारी नेऊ नका.

त्याच दिवशी एक पिंजरा ठोका. चार फूट उंच तारेची जाळी, तीनेक फुटांचा गोल, दोन सळया. त्याशिवाय पीक आलंच नाही की येऊन खाल्लं गेलं, हे कळायला मार्ग नसतो. सप्टेंबरअखेर पिंजऱ्यात पोटरीएवढा राय आणि बाहेर बोटभर, असं दिसलं तर प्लॉट उत्तम चाललाय. बाहेरच्या पात्यांची टोकं वाकून बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते खालच्या दातांत धरून झटक्याने तोडतं, म्हणून टोक फाटलेलं, दोरे निघालेलं दिसतं. टोक सुरीने कापल्यासारखं तिरकं आणि स्वच्छ असेल तर तो ससा, आणि मग हरणांच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. पिंजऱ्याच्या आत आणि बाहेरही काही नसेल तर ऊन, माती किंवा पाऊस यांत शोधा.

ऑक्टोबरात पानगळ होते आणि कोवळ्या क्लोव्हरवर मेपलची पानं ओली होऊन चिकटून बसतात. निदान दोनदा यंत्राने उडवा. हे भर दुपारी करा, संध्याकाळी कधीच नाही, आणि वारा झाडीतल्या हरणांकडे वाहत असेल त्या दिवशी प्लॉटवर पाऊलच टाकू नका. लपलेल्या प्लॉटची सगळी किंमत हरणांना तो सुरक्षित वाटण्यात आहे.

नियमांचं थोडक्यात. पेनसिल्व्हेनियात मक्याचा ढीग घालून त्यावर शिकार करणं जवळजवळ सगळीकडे बेकायदा आहे, उभं पीक पेरणं हा वेगळा भाग. हरणांचा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा मेंदूचा रोग राज्यात २०१२ मध्ये सापडला. त्यासाठी आखलेल्या क्षेत्रांत हरणांना खाऊ घालण्यावरच बंदी आहे, तेव्हा मिठाचे ठोकळे वगैरे आणण्याआधी गेम कमिशनचा, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याचा, त्या वर्षीचा नकाशा बघा. तारखाही दरवर्षी तपासा. बंदुकीचा हंगाम पूर्वी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा, २०१९ पासून शनिवारी होतो. त्या आठवड्यात रानात पिकाची पाहणी करायला जायचं असेल तरी भगवं जाकीट घालूनच जा.

पुढच्या वसंतात राय भराभर उंच होतो. निसवायला लागला की आठेक इंचांवर कापा, खालचा क्लोव्हर उजेडात येतो. उन्हाळ्यात तण क्लोव्हरच्या वर डोकं काढेल तेव्हा तेव्हा शेंडे छाटा, पण कडक कोरड पडली असेल तर यंत्र बाहेर काढू नका.

जिथे टक्कल राहील तिथे नांगरट नको. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये, रात्री जमीन गोठते आणि दुपारी सुटते अशा दिवसांत, सकाळी टणक मातीला भेगा असताना क्लोव्हरचं बी फोका. दहा गुंठ्यांना एक पौंड पुरतं. गोठण-वितळणीने बी आपोआप मातीत ओढलं जातं. राय किंवा ओट या पद्धतीने टाकू नका, त्यांना झाकावं लागतं. आणि बर्फाचा जाड थर असेल तर आठवडाभर थांबा, नाहीतर तो वितळताना बी पाण्याबरोबर उताराला वाहून जातं.